कुणी न घेतलेलं वकीलपत्र

माझी बायको फौजदारी वकील आहे. आरोपीच्या बाजूने उभी राहते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या नातेवाइकांची समजूत होती की ही वाटणीपत्रं, खरेदीखतं असली कामं करत असेल. मी स्वतः विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासतो. रात्री जेवायला बसतो तेव्हा आपल्या दोघांच्याही दिवसात कुणीतरी मेलेलं असतं, असं मी एकदा गमतीने म्हणालो होतो. ती हसली नाही. "तुझ्याकडे ते मेलेलेच असतात," ती म्हणाली, "माझ्याकडे एक जण अजून जिवंत असतो."

ती बागलाणातली, नामपूरची. बुटकी, आवाज खणखणीत, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. भाजीवाल्याशी ती भावावरून कधी घासाघीस करत नाही, पण तो मेथी ताजी म्हणाला की विचारते, कुठून आली, कधी काढली, तुम्ही काढताना पाहिली का. तो बिचारा गांगरून जातो. आमची मुलगी शाळेतून आली आणि अमक्या मुलीने तमकीचा डबा खाल्ला म्हणाली, की हिचा पहिला प्रश्न, "तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?" मुलगी आता तिच्यासमोर फार काही सांगत नाही. माझ्याकडे येते.

पाथर्डी फाट्याच्या पुढे एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथे राहणाऱ्या मजुरांपैकी एका जोडप्याची सहा वर्षांची मुलगी संध्याकाळी दिसेनाशी झाली. सकाळी ती पाण्याच्या टाकीत सापडली. तिच्या गळ्यावर खुणा होत्या. टाकीजवळ वॉचमनची कांबळ मिळाली. वॉचमन सुरगाण्याकडचा, विशीतला, अंगाने किरकोळ, धड मराठीही न बोलणारा. बांधकामावरच्या मुकादमाने सांगितलं, मी याला पोरीचा हात धरून टाकीकडे नेताना पाहिलं. पोलिसांनी त्याच दिवशी त्याला उचललं.

शहरात मेणबत्त्या घेऊन लोक निघाले. मीही गेलो होतो. आमच्या सोसायटीतले सगळेच गेले होते. पहिल्यांदा त्याला कोर्टात आणलं तेव्हा बाहेर एवढी गर्दी होती की सीबीएस बसस्थानकाकडे जाणारा रस्ता बंद पडला. बऱ्याच वकिलांनी आपसात ठरवलं की याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. शेवटी सरकारी खर्चाने वकील द्यायची वेळ आली, आणि हिला फोन आला. ही हो म्हणाली.

मला तिने सांगितलं ते पोळ्या लाटताना. मी म्हणालो, "कुणाला तरी विचारायचंस. मला विचारायचंस."

"तू काय सांगितलं असतंस?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

आई तेव्हा आमच्याकडेच राहत होती. तिला ते शेजारच्या बाईंकडून कळलं.  मग एका दुपारी हिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या पोरीला केलं असतं तर? तरी उभी राहिली असतीस?"

ही कपडे घड्या करत होती. मान वर करून म्हणाली, "आई, आपली असती तर मी कोर्टात गेलेच नसते. विळा घेऊन गेले असते. म्हणून तर आईला निकाल द्यायला बसवत नाहीत."

आईला ते पटलं नाही. तिने हिच्या हातचं जेवण सोडलं. स्वतःपुरता भात लावायची आणि खोलीत नेऊन खायची. महिनाभर असं चाललं. मग माझी बहीण घोटीहून आली आणि आईला घेऊन गेली. निघताना आईने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, "येते," आणि हिच्याकडे न बघता रिक्षात बसली. त्यानंतर आई आमच्याकडे राहायला कधीच आली नाही. सणाला आम्ही घोटीला जातो. ही नमस्कार करते. आई पाय मागे घेत नाही, पण आशीर्वादही देत नाही.

आई गेली त्या संध्याकाळी मी चिडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोला नीट विचारलं, की हे तू का करतेस. आतापर्यंत मी लोकांना ठरलेलं उत्तर देत आलो होतो, की प्रत्येकाला बचावाचा हक्क आहे, घटनेतच आहे. पण त्या उत्तराने माझी आई थांबली नव्हती आणि आता मलाही ते पुरत नव्हतं.

"कसाले इचारस?" ती म्हणाली. फार थकली, किंवा फार चिडली, की ती माहेरच्या अहिराणीवर जाते. मग तिने सांगितलं.

शाळेत असताना तिची एक मैत्रीण होती. एका बाईंचं मनगटी घड्याळ हरवलं, आणि मधल्या सुट्टीत वर्गात ती एकटीच होती एवढ्यावरून तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं. घड्याळ सापडलं नाही. तिने घेतलं की नाही, हे कुणी तिला विचारलंसुद्धा नाही. कुठे लपवलंस, एवढंच विचारत राहिले.  दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. गावाबाहेरच्या विहिरीत सापडली.

मी म्हणालो, "आणि तिने घेतलं नव्हतं."

"माहीत नाही," ती म्हणाली. "घेतलंही असेल. तिला छान वस्तूंची फार हौस होती."

मला वाटलं, मला उत्तर मिळालं. पुढे कुणी विचारलं की मी ही गोष्ट सांगायचो. एकदा एका लग्नात मी सांगत होतो आणि ती मागे उभी होती हे मला कळलं नाही. घरी येताना गाडीत म्हणाली, "ते सांगत जाऊ नकोस. एका विहिरीवरून माणूस जन्मभराचं ठरवत नाही. मला जिंकायला आवडतं. समोरचा साक्षीदार अडकला की मला आत काहीतरी होतं, बरं वाटतं. तेही सांग मग." मी त्या दिवसापासून सांगायचं बंद केलं.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. पोरगा तोपर्यंत नाशिकरोडच्या जेलमध्येच होता. त्याचा जामीन दोनदा फेटाळला गेला. ही त्याला भेटायला जायची. तो काय बोलतो म्हणून मी विचारायचो. फारसं काही नाही, ती म्हणायची. मी केलं नाही म्हणतो, आणि माझी कांबळ कधी देतील म्हणून विचारतो.

हिच्या स्कूटरची सीट कुणीतरी फाडली. फोनवर अर्वाच्य शिव्या यायच्या. म्हणून साक्षी सुरू झाल्या तेव्हा मी रजा काढून तिच्याबरोबर जाऊ लागलो. मागच्या बाकावर बसायचो. त्यामुळे त्या दिवशी काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुकादमाची साक्ष आधी झाली होती. त्याने ठासून सांगितलं होतं की अंधार पडला होता, पण जिन्याखालचा दिवा चालू होता आणि त्या उजेडात त्याने वॉचमनला ओळखलं. हिने त्याला मोजकेच प्रश्न विचारले. दिवा पिवळा की पांढरा, किती उंचावर. सगळं पक्कं करून घेतलं आणि खाली बसली. मला वाटलं, ही हरली.

नंतर मुलीची आई साक्षीला आली. बारीक बाई, डोक्यावरून पदर, त्र्यंबकच्या बाजूच्या एका पाड्यावरची. सरकारी वकिलांनी तिच्याकडून मुलीचा फ्रॉक ओळखून घेतला. फ्रॉक पाहून ती खाली बसली. थोडं पाणी दिलं, मग ही उठली. हिने आधी न्यायाधीशांना विचारून तिला खुर्ची द्यायला लावली. आणि मग ज्या आवाजात बोलायला लागली तो आवाज मी कोर्टात कधी ऐकला नव्हता. आमच्या मुलीला ताप आला की ती त्या आवाजात बोलते.

"ताई, पोरगी दिसेना हे कधी कळलं?"

"भाकरी टाकत होते. हाक मारली तं आली नाय."

"मग शोधायला कोण कोण गेलात?"

"आमी दोघं. बाकीचीबी आली."

"जिन्याकडे गेलात?"

"समदीकडं गेलो. जिन्याखाली बी पाह्यलं."

"एवढ्या अंधारात कसं शोधलंत हो?"

"मोबाईलच्या उजेडात. लाईट नव्हती ना तवा. दिवस बुडायच्या आदीच गेलती, ती पार सकाळी आली."

सरकारी वकील उभे राहिले. त्यांनी फेरप्रश्न विचारले, तुमचा काही गोंधळ होतोय का, जिन्याखालचा एक दिवा तरी असेल. ती म्हणाली, "नव्हता साहेब. एक दिवा असता तं माझी पोर मला दिसली नसती का?"

तिला कळलंच नव्हतं आपण काय सांगितलं ते. ती साक्ष देऊन नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. पुढे वीज कंपनीच्या माणसानेही तेच सांगितलं, त्या रात्री त्या भागात वीज नव्हती. मुकादमाची साक्ष गेली. उरली फक्त कांबळ, आणि वॉचमन तर रोज त्या टाकीजवळच झोपायचा.

घरी येताना मी विचारलं, "तो आवाज. तुला खरंच तिची कणव आली होती, की उत्तर काढायला तसं बोललीस?"

"दोन्ही," ती म्हणाली. "वेगळं करता येत नाही मला ते."

पोरगा निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी बाहेर घोषणा झाल्या, पण आधीएवढी गर्दी नव्हती. लोक दुसरीकडे वळले होते. जेलच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा न्यायला कुणी आलं नव्हतं. आम्ही दोघं गेलो होतो. तो हिच्या पाया पडला नाही, आभार मानले नाहीत. एसटीत बसवताना फक्त म्हणाला, "गावात घेतील का?" ही म्हणाली, "जाऊन बघ." गावात घेतलं नाही. महिन्याभरात तो गुजरातकडे मजुरीला गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. पुढे त्याचं काय झालं, आम्हाला ठाऊक नाही.

निकालानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. मुलीची आई उभी होती, एकटी. पत्ता तिने कोर्टातल्या चहावाल्याकडून घेतला होता. मला वाटलं, आता ही ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. ती चपला बाहेर काढून आत आली आणि जमिनीवर बसली. ही बाहेर आली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"माझ्याच तोंडून वदवून घेतलं तुमी," ती म्हणाली.

"हो," ही म्हणाली.

"माझा मालक बोलत नाय माझ्याशी. म्हनतो, तूच सोडवलंस त्याला."

"तू खरं ते सांगितलंस."

"खरं लय कळतं तुमाला. मग सांगा. त्यानं नाय मारलं ना?"

मी दारातच उभा होतो. मला मनापासून वाटत होतं, सांग तिला, नाही मारलं म्हणून सांग. निदान तिच्या बोलण्याने खुनी सुटला नाही, एवढं तरी तिला घेऊन जाऊ दे.

"मला माहीत नाही," ही म्हणाली.

ती बाई हिच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडात धरून रडायला लागली, आवाज न करता. हिने तिला हात लावला नाही. उठून चहा टाकला, तिच्यासमोर ठेवला. तो तिने घेतला नाही.

पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "मग आता कोन हुडकनार?"

हिने तिला समजावून सांगितलं की मी आरोपीची वकील होते, मला तुझी वकील होता येणार नाही. पण दुसरे एक वकील आहेत, ते फेरतपासाचा अर्ज करतील. तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. ते चांगले गृहस्थ. त्यांनी अर्ज केला, वर्षभर पाठपुरावाही केला. मुकादमाला पुन्हा बोलावून विचारलं म्हणतात. तो खोटं का बोलला, कुणाला वाचवायला, की नुसतं पोलिसांनी सांगितलं म्हणून, काहीच निष्पन्न झालं नाही. इमारत पुरी झाली. लोक राहायला आले. टाकीवर आता सिमेंटचं पक्कं झाकण आहे.

ती बाई गेल्यावर मी हिच्यावर ओरडलो होतो. म्हणालो, "एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती तो गार झालेला चहा ओतून देत होती. "तिच्याशी मुकादमही खोटंच बोलला होता," म्हणाली. मग सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकून तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही. का गेलो नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर तिने असली तीन-चार प्रकरणं घेतली. काही हरली, काही जिंकली. जिंकून आली की अजूनही घरात शिरताना तिची चाल वेगळी असते, मला ती ओळखू येते.

त्या बाईचा फोन अधूनमधून येतो. कधी पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या बागेतून, कधी आणखी कुठून. नवऱ्याने तिला सोडलं. ती आता भावाबरोबर कामाला फिरते. नंबर दर वेळी वेगळा असतो, कुणाचातरी मागून घेतलेला. ही जेवत असली तरी उठते, फोन घेते. मला पलीकडचं ऐकू येत नाही. ही म्हणते, "नाही गं, काही कळलं नाही." मग पाऊसपाणी, बागेतलं काम, तब्येत यावर दोघी थोडं बोलतात. फोन ठेवून ही परत ताटावर बसते आणि मला म्हणते, "भात वाढ."