टेबलावरचा चष्मा

तहसील कार्यालयातल्या त्या टेबलावर, उघड्या फाइलवर, एक चष्मा ठेवलेला असतो आणि खुर्ची रिकामी असते. मला रहिवासी दाखला हवा आहे. प्रवेशाची मुदत उद्या संपते. मागच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या नव्या क्लार्क मुलीने मला हळूच सांगितलं होतं, "सर आलेच नाहीत आज. तो जुना चष्मा आहे, इथेच असतो." सांगताना ती ओशाळली होती, म्हणून ती मला आवडली होती.

आज तिलाच पुन्हा विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, "चष्मा आहे ना? मग इथेच कुठेतरी असतील. थांबा की जरा."

लाच फार नंतर येत असावी. त्याआधी रिकाम्या खुर्चीला भरलेली म्हणायला शिकावं लागतं. मी तिच्या टेबलासमोरच थांबले.

साडेअकराला ती उठली. पाण्याची बाटली आपल्या टेबलाच्या मधोमध ठेवली, झाकण उघडून बाजूला ठेवलं आणि पर्स घेऊन निघून गेली.

मागून एका आजोबांनी विचारलं, "पोरी, मॅडम आहेत का गं?"

"असतील," मी म्हणाले, "बाटली आहे."