पोचबाई

किल्ली हातात देण्याआधी घरमालकीण मॅडमनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. ‘मागील खोलीची किल्ली, एक नग, मिळाली’ एवढंच त्यावर लिहिलेलं, खाली तारीख आणि सहीची जागा. मी अंजनगाव सुर्जीहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला अमरावतीत आलो होतो. खांद्यावर गादीची वळकटी, अंगाला घामाचा वास, आणि ही बाई एका किल्लीची पोच मागत होती. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. सही झाल्यावर एक प्रत त्यांनी मला दिली, एक फाइलला लावली, आणि मग विचारलं, “आता चहा घेशीन काय?”

जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्यावर क्रमांक, तारीख, गोल शिक्का, आणि आणणाऱ्याच्या प्रतीवर तसाच दुसरा शिक्का. हा दुसरा शिक्का म्हणजे पोच. ती ज्याच्याकडे नाही तो माणूस कचेरीत कधी आलाच नव्हता, असं कचेऱ्या खुशाल म्हणू शकतात. वडील तिवस्याला मजुरी करायचे, घराण्यातली पहिली नोकरी यांचीच. त्यामुळे शिक्क्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असावी. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. गॅसवाला, केबलवाला, वर्गणीवाली पोरं, कुणीही सही केल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. गल्लीनं त्यांचं नाव पोचबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. “माणसाले पोच नसली तं चालते,” त्या म्हणायच्या, “कागदाले पायजे.”

गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज त्याच लिहायच्या. नवरा वारलेल्या बाईचं पेन्शन, नळाचं अवाच्या सवा बिल, शाळेनं अडवलेला दाखला. कुणी गहिवरून सगळी कर्मकहाणी सांगायला लागलं की त्या पेन खाली ठेवायच्या. “रडनं तोंडी, मांगनं लेखी. आधी रडून घे, मंग लिहू.” दुसरा नियम असा की ज्यानं काम अडवलं त्याचं नाव अर्जात आलंच पाहिजे, किती वाजता अडवलं तेही. एकदा मी एका अर्जाच्या मसुद्यात ‘संबंधितांनी नकार दिला’ असं लिहिलं, तर त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. “संबंधित कोन? त्याच्या मायनं त्याले नाव ठेवलं नाई काय?”

तीन परीक्षा देऊन तिन्हीत आपटलो, तेव्हा मॅडमनीच मला अर्ज लिहून दिला आणि एका एजन्सीमार्फत मी बँकेत चिकटलो. मदत काउंटरवर, कंत्राटी पगारावर. बँक तीच, जिथं त्यांचं पेन्शन जमा व्हायचं. मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, माझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “हे काई नेमनूकपत्र नोहे, बाबू. तुले कवाई घरी बसवता येते, असं लिवलं हाय याच्यात.” आनंदाच्या दिवशी असं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो. मला आला होता.

पुढच्या खोल्यांवरचे टिनपत्रे काढून स्लॅब टाकायला मॅडमनी आमच्याच बँकेतून कर्ज घेतलं. हप्ता पेन्शनच्या खात्यातून परस्पर कटायचा. चौदा महिने बिनबोभाट गेले. पंधराव्या महिन्यात बँकेनं त्यांच्या खात्यातून एका विम्याचे पैसे कापले. हा विमा त्यांनी मागितला नव्हता, त्यावर त्यांची सही नव्हती, आणि बँकेत कुणालाच तो कसा आला हे सांगता येईना. त्या कपातीमुळे हप्त्याला पंचेचाळीस रुपये कमी पडले. हप्ता परत गेला. परत गेला म्हणून दंड, दंड थकला म्हणून दंडावर व्याज, आणि त्याच्याही खाली एक ओळ: ‘वसुली भेट शुल्क’. म्हणजे पैसे मागायला घरी माणसं पाठवायची आणि त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्चही बाईच्याच बोकांडी बसवायचा. मला ती ओळ काउंटरवरच्या पडद्यावर दिसत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, फक्त इथं बोंबांचेही पैसे लावले होते.

माणसं खरोखरच आली. दोघं होते, मोटरसायकलवर. त्यातला मोठा फाटकातूनच ओरडला, “पैशे घेतानी गोड लागले ना बाई? देतानी काहून कडू लागून राहिले?” मी मागच्या खोलीतून पळत आलो. मॅडम शांतपणे दोन खुर्च्या घेऊन अंगणात आल्या, मागोमाग रजिस्टर. “बसा. नाव लिहा, कोनी पाठवलं ते लिहा, येन्याचं कारन लिहा. ओळखपत्र दाखवा.” धाकटा बावचळून खरंच लिहायला बसला. आधी नांदगाव पेठच्या कापड मिलमध्ये होता, तिथून काढल्यावर या धंद्यात आला, हेही त्यांनी तेवढ्यात काढून घेतलं. त्यानं कारणाच्या रकान्यात ‘वसूली’ लिहिलं. मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं आणि ‘सू’ खोडून ‘सु’ केला. “धमकी द्याले येता, तं शुद्ध तरी लिहत जा.” मोठा चिडून निघाला, पण त्याची सहीही त्या पानावर होती.

ही गोष्ट मी बरीच वर्षं हसत हसत सांगायचो. पुढची सांगत नव्हतो. त्यानंतर ती माणसं घरात आलीच नाहीत, गल्लीत यायला लागली. किराणा दुकानात उभं राहून मोठ्यानं विचारायची, “ते कर्जबुडवी बाई कुठं राहते?” मॅडमच्या अकोल्याच्या बहिणीला फोन गेले, तिच्या जावयालाही गेले. आणि ज्यांचे अर्ज मॅडमनी फुकट लिहून दिले होते, ती माणसं त्यांना पाहून रस्ता बदलू लागली. जिचं पेन्शन त्यांनी मिळवून दिलं होतं, तीच बाई मला दारात अडवून म्हणाली, “पेन्शन असून हप्ता नाई भरत म्हंजे काईतरी असनच ना, भाऊ.” तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण माझा स्वतःचा हिशेब त्यानंतर आठच दिवसांनी लागायचा होता, तेव्हा माझ्या रागाला तसा काही अर्थ नव्हता.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. न मागितलेला विमा रद्द करा, त्यातून झालेला दंड आणि त्याचं सगळं लेंढार मागे घ्या. नियमित हप्ते मी भरतेच आहे. असं पत्र त्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. पोस्टाचं पोचकार्डही सहीनिशी परत आलं. त्या चौकशीला गेल्या, तर मॅनेजर म्हणाले, लिफाफा मिळाला, पण आत कोरा कागद होता. मॅडम घरी आल्या. “हे युक्ती आमच्या हापिसात एका साहेबाची होती,” त्या म्हणाल्या. “लिफाफ्याची पोच म्हंजे कागदाची पोच नोहे. आता हातोहातच द्या लागते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या बाईंचं कुठलंही पत्र काउंटरवर घ्यायचं नाही, शिक्का तर अजिबात मारायचा नाही. शिक्का मारला की आपण लेखी अडकलो. “तुम्ही त्यांच्याकडेच राहता ना? म्हणून आधीच सांगतोय,” असंही म्हणाले. कुणाला ठेवायचं याची एजन्सीची यादी नव्यानं व्हायची होती. ते त्यांनी सांगितलं नाही, मलाच माहीत होतं.

साडेअकराला मॅडम आल्या. धुतलेलं पांढरं लुगडं, हातात पत्राच्या दोन प्रती. रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आली तेव्हा दोन्ही प्रती माझ्यासमोर ठेवल्या, वरच्या प्रतीवर शिक्क्यासाठी जागा सोडलेली. मी म्हणालो, “मॅडम, आता कागद घेत नाहीत. मेल करावी लागते.” मेल करणं त्यांना येत नव्हतं; त्यांच्या त्या कामांना मीच असायचो. शिक्का माझ्या उजव्या हाताशी होता, त्यांना दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केबिनच्या काचेकडे पाहिलं. “शिक्का राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या, “नुसती सही कर.” मी पडद्याकडे बघत राहिलो. “तुई नोकरी जाईन काय?” मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी दोन्ही कागद उचलले, नीट जुळवले, पिशवीत ठेवले आणि मागच्या माणसाला जागा दिली.

संध्याकाळी मी त्यांना मेल करून द्यायला हवी होती. माझ्या फोनवरून पाच मिनिटांचं काम. पण माझ्याच फोनवरून गेलेली मेल उद्या कुणी माझ्यासमोर धरली तर, या भीतीनं मी खोलीत बसून राहिलो. त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी घाबरट निघालो, याला दुसरं नाव नाही.

महिनाभरानं त्यांची तक्रार बँकेच्या वरिष्ठ कार्यालयातून फिरून आमच्या शाखेत आली, खुलाशासाठी. मॅनेजरांनी ती माझ्याकडेच टाकली. तीन पानं, बारीक सुवाच्य अक्षर, प्रत्येक रक्कम तारखेसह. विमा, पंचेचाळीस रुपये, दंड, वसुली करणाऱ्या दोघांची पूर्ण नावं, कोऱ्या कागदाचं सांगणाऱ्या मॅनेजरचं नाव आणि वेळ. मी त्यात माझं नाव शोधत होतो. तिसऱ्या पानावर त्या दिवसाची तारीख होती, साडेअकराची वेळ होती, आणि पुढं लिहिलं होतं: ‘पत्र देण्यास गेले असता काउंटरवर कर्मचारी जागेवर नव्हते.’

मॅनेजरांना तेवढं पुरलं. हजेरीपट होता, कॅमेऱ्याचं चित्रण होतं, रांगेत उभ्या असलेल्या मॅडम त्यात स्वच्छ दिसत होत्या आणि त्यांच्यासमोर बसलेला मीही दिसत होतो. आवाज मात्र त्यात नव्हता. खुलासा मीच टाइप केला: सदर वेळी कर्मचारी जागेवर उपस्थित होते, तक्रारदाराने कोणतेही पत्र सुपूर्द केले नाही, सबब तक्रारदाराचे कथन वस्तुस्थितीस धरून नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खरं लिहून माणूस किती हलकट होऊ शकतो ते मला त्या दुपारी कळलं. एका ओळीतलं खोटं दाखवून बँकेनं तिन्ही पानं फेटाळली.

मॅडमनी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि दंड, व्याज, भेट शुल्क सगळं एकदम भरून टाकलं. भरण्याची स्लिपही माझ्याच काउंटरवर आली. पैसे घेताना शिक्का लगेच सापडला. थकबाकी नसल्याचा दाखला त्यांनी उभ्यानंच वाचला, घडी घातली आणि गेल्या. घरी मात्र अर्ज लिहिणं थांबलं. कुणी येतही नव्हतं म्हणा. पावसाळ्याआधी त्यांनी पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि बहिणीकडे अकोल्याला जायचं ठरवलं. नवीन स्लॅबखाली त्यांना दोन पावसाळेही काढता आले नाहीत.

बसस्थानकावर मी त्यांची ट्रंक घेऊन गेलो. अकोल्याची गाडी लागली होती. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते मी तिथं विचारलं, “मॅडम, माझं नाव का नाही लिहिलं?” मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे. डोक्यावरून हात फिरवतील असंही कुठंतरी वाटत होतं.

त्यांनी ट्रंक सीटखाली सरकवली, पदरानं खिडकीची धूळ पुसली आणि बसल्या. “लिहाले पायजे होतं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माहं. मले वाटलं, एका पोराची नोकरी वाचन. जनमभर दुसऱ्याच्या कागदात खोटं पकडलं अन् माह्याच कागदात घातलं. माह्या खऱ्याचीई किंमत गेली ना बाबू त्याच्यानं.” आवाजात राग नव्हता. मसुदा तपासताना बोलायच्या, तशाच बोलल्या. मग कंडक्टर आला आणि त्या तिकिटाचे सुटे पैसे काढू लागल्या.

त्याच दिवाळीत बँकेनं एजन्सी बदलली आणि आम्हा सहाजणांना एका फोनवर घरी बसवलं. मॅडम मागच्या हिवाळ्यात अकोल्यात वारल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यांनी तेव्हा गाडीत ‘जाऊ दे’ म्हटलं असतं, तर मी आजवर ते सगळं विसरलोही असतो. त्या तसं म्हणाल्या नाहीत.