शेळ्यांच्या खोपटातले चौदा दिवस

बांधावरच्या एका सपाट दगडाकडे बोट दाखवून माझा सख्खा धाकटा भाऊ मला म्हणाला, "दादा, चौदा दिवस ह्या दगडाच्या अलीकडं यायचं नाय." तोंडाला त्यानं टॉवेल गुंडाळला होता आणि तो इतक्या लांब उभा होता की, त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. ज्याला खांद्यावर बसवून मी हरसूलचा बाजार दाखवला, तो मला माझ्याच शेतात हद्द आखून देत होता.

सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं लेथवर काम करतो. लॉकडाऊन लागला तेव्हा साहेबांनी प्रत्येकाच्या हातात सॅनिटायझरची एकेक बाटली दिली. नोकरी राहील की जाईल, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बायको आणि मुलगी सुरगाण्याला माहेरी गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. मी चार दिवस खोलीत भिंतीकडे बघत बसलो. पाचव्या दिवशी पहाटे मोटरसायकल काढली आणि गिरणाऱ्याकडून आडवाटेनं गाव गाठलं. मला आईजवळ जायचं होतं, बाकी काही नको होतं.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या आणि पोलीस पाटील काठी घेऊन उभे होते. आई सत्तरी ओलांडलेली, त्यात तिला दमा. शहरातून आलेल्यानं चौदा दिवस बाहेर काढायचे, मगच घराचा उंबरा ओलांडायचा. नियम बरोबर आहे हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. नियम चुकीचा असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

बाहेर म्हणजे शेतातलं शेळ्यांचं खोपट. आत तीन शेळ्या, एक बोकड आणि कोपऱ्यात माझी गोधडी. "बसून काय करशील, शेळ्या बघ," असं सांगून भाऊ मोकळा झाला. पहिले तीन दिवस मी फक्त धुसफुसत होतो. कपड्यांना वास, गोधडीत लेंड्या, आणि ज्या मास्कसाठी मी सातपूरमध्ये रांगेत उभा राहिलो होतो, तो बोकडानं दोन घासांत खाल्ला. इंचाच्या हजाराव्या भागाचं माप चुकू न देणारा माणूस मी, आणि इथं एक बोकड मला जुमानत नव्हता.

आई दुपारी यायची. दगडावर नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण ठेवायची, वीस पावलं मागं जायची आणि मी जेवेपर्यंत उन्हात उभी राहायची. मी कसा आहे हे ती विचारायची नाही. विचारायची, "शेळी कशी हाय?" त्यातली एक पहिलारू होती, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती, आणि आईचा सगळा जीव तिच्यात. मला त्या शेळीचाही राग यायचा.

पण तीच शेळी संध्याकाळी माझ्या पाठीला पाठ लावून बसू लागली. रवंथ करताना तिच्या पोटातली हालचाल माझ्या बरगड्यांना लागायची. मी उठलो की तीही उठायची आणि मला शोधत खोपटाबाहेर यायची. त्या दिवसांत माझ्यापासून पळून न जाणारी ती एकटीच होती. मला बरं वाटायचं. सातपूरला कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

दुसरं काम मोहाचं. खोपटासमोर आमचं मोहाचं झाड आहे, आणि त्या महिन्यात पहाटेपासून फुलं टपटपत होती. आमच्याकडे ज्याचं झाड त्याचीच फुलं. ती डुकरांच्या आधी वेचायची, वाळवायची, वर्षभर पुरवायची. "डुकरं आली तर डबा वाजव," आईनं बजावलं होतं.

पाचव्या दिवशी उजाडताना ती आली. एक रानडुकरीण आणि तिच्यामागं सहा पिल्लं, अंगावर पिवळसर पट्टे असलेली. मी खोपटाच्या दारात डबा हातात घेऊन बसलो होतो. डुकरीण मचमच आवाज करत फुलं खात होती. पिल्लं एकमेकांच्या तोंडातलं ओढत होती, आणि त्यातलं सगळ्यात बारकं खाता खाताच पेंगलं, नाकावर पडलं, दचकून उठलं आणि पुन्हा खायला लागलं. मला हसू फुटलं. कारखाना बंद झाल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. डबा वाजवायचा राहून गेला.

मग रोजच राहून गेला. पहाटे मला आपोआप जाग यायची. बारकं आलंय का, हे आधी बघायचो. ती पोटभर खाऊन गेली की उरलेली फुलं वेचून दगडावर ठेवायचो आणि आईला सांगायचो की, औंदा फुलंच कमी पडतायत.

आईनं एकदा टोपलीकडे पाहिलं, मग झाडाखालच्या उकरलेल्या मातीकडे. "मोहाचं झाड काय तुझी कंपनी हाय का रं, बंद पडायला?" ती म्हणाली. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली.

नवव्या दिवशी सकाळी शेळी व्यायली. पहिलं करडू मी डुकरांच्या नादात असतानाच झालेलं होतं. आत आलो तर तिनं ते चाटून स्वच्छ केलेलं, आणि ते पाय फाकवून उभंही राहिलेलं. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत झालं. लेंड्यांत पडलं, चिकट आणि ओलंचिंब. आणि तिथं माझी अक्कल शेण खायला गेली. जगभर रोग पसरलाय, कोवळा जीव आहे, असं मनात आलं आणि मी ते करडू उचललं. साबणाच्या पाण्यानं चांगलं चोळून धुतलं. आधी हातांना सॅनिटायझर लावलं होतंच. टॉवेलनं पुसून, लिंबाच्या वासाचं लख्ख करडू मी मोठ्या कौतुकानं शेळीपुढं ठेवलं.

तिनं हुंगलं आणि ढुशी मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. पहिल्याला ती पाजत होती. ह्याला कासेजवळ नेलं की लाथ झाडायची. मी तिला खांबाला बांधलं, तर खाली बसली. एका हातानं शेळी, दुसऱ्या हातानं करडू, हे मला जमेना. तीन तास झटापट केली, घामाघूम झालो, शेळीला सातपूरच्या सगळ्या शिव्या दिल्या. करडू आधी ओरडत होतं, मग ओरडायचंही थांबलं.

दुपारी आई दगडापाशी आली. मी ते करडू लांबून दाखवलं आणि काय केलं ते सांगितलं.

"साबण?" ती म्हणाली. "आरं, वास धुतलास तू त्याचा. तिनं वळखायचं कसं? मीठ चोळ त्याला, मीठ!"

भाकरीबरोबरचं मीठ मी त्याच्या पाठीला चोळलं. शेळीनं दोनदा चाटलं, शिंकली आणि पुन्हा ढुशी मारली. करडाची मान माझ्या हातात लुळी पडली. मी आईकडे पाहिलं, आणि मला रडू आलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, एका करडासाठी रडत होतो.

आई दगड ओलांडून आली.

"आई, मागं जा!" मी किंचाळलो. खरंच घाबरलो होतो. तोंडाला टॉवेल दाबून मी मागं सरकत खोपटाच्या कुडाला चिकटलो. ती धापा टाकत आत शिरली. "तिथं काय उभा? पाय धर तिचं," ती म्हणाली. मी पाय धरले. आईनं शेळीची मान गुडघ्यांत दाबली, तिचा चीक पिळून करडाच्या पाठीला, ढुंगणाला चोपडला, दुसऱ्या करडाचं ओलं अंग ह्याच्या अंगावर घासलं आणि सड त्याच्या तोंडात दिला. बराच वेळ काहीच झालं नाही. आईचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. मला वाटत होतं, मी माझ्या हातानं आईला मारतोय, आणि तरीही तिनं तिथून हलू नये.

मग करडाची शेपटी हलली.

संध्याकाळपर्यंत शेळी त्याला चाटू लागली. तोवर भावानं बांधावरून आईला पाहिलेलं होतं, आणि तो पोलीस पाटलांना घेऊन आला. दगडापलीकडून पाटील म्हणाले, "म्हातारे, आता तू बी इथंच. दोघांचं बी चौदा दिवस, पहिल्यापासनं."

माझं डोकं फिरलं. "माझे नऊ दिवस झालेत! ते कुठं गेले?" मी ओरडलो. "वाहून गेले," भाऊ म्हणाला. तो आईवर चिडला होता आणि माझ्यावर त्याहून जास्त. मी तावातावानं भांडलो, नियमाला शिव्या दिल्या. बावीस वर्षांत मी सणाला यायचो आणि दोन दिवसांत पिशवी भरून परत जायचो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त गेलेले नऊ दिवस होते. कुणी ऐकत नाही असं दिसल्यावर मी हात जोडले आणि म्हणालो, "निदान आजचा दिवस तरी धरा. दुपारपासून ती इथंच आहे."

पाटील बोटांवर दिवस मोजू लागले. आई करडाला पोटाशी घेऊन माझ्या गोधडीवर बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "आजचा नका धरू, पाटील. उद्यापासनं मोजा."