डोंगरावरचं गाणं आणि खालची पोपटी

गेल्या पौषात आम्ही तिघी मैत्रिणींनी आपट्याच्या पलीकडच्या डोंगरावर जायचं ठरवलं होतं. सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर पोहोचले तर एकीचा मेसेज, ताप आलाय. दुसरीच्या घरी अचानक पाहुणे. करंजाड्याला घरी परत न्यायला रिक्षा समोर उभीच होती. पण पाठीवर डबा होता, पायांत नवे बूट होते आणि हवेत पनवेलला क्वचितच मिळणारा गारवा. मी नवऱ्याला फोन केला.

"एकटी? डोंगरावर? या वयात?"

"बावन्न हे काय वय झालं?"

तो म्हणाला, "रेंज मिळेल तिथून फोन कर." मी बसमध्ये चढले.

आपट्याला उतरून नदीचा पूल ओलांडला. भात कापलेल्या शेतांत वाल हातभर वाढले होते, दवाने ओले. शेतं संपली तशी पायवाट चढू लागली. एकटीने चालण्यात इतकी चैन असते हे मला माहीतच नव्हतं. दम लागला की थांबायचं, आणि "जरा फोटो काढते हं" असलं खोटं कुणाला सांगायला नको. वाटेत एका शेवरीच्या झाडाला लाल फुलं आली होती आणि त्यात साळुंक्यांचा नुसता गोंधळ. त्याखाली मी किती वेळ बसले कोण जाणे.

माथ्यावर पोहोचले तेव्हा ऊन कोवळं राहिलं नव्हतं, पण वारा गार होता. समोर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, खूप लांब धुरकट हवेत खारघरचे टॉवर. माणूस कुठेच नाही. आणि मला गावंसं वाटलं.

हे सांगायला हवं, की मी गात नाही. शाळेत स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी आरतीतही ओठच हलवते. त्या दिवशी मात्र आईची एक ओवी मी अगदी पोटातून, बेंबीच्या देठापासून म्हटली. सूर कुठल्या कुठे गेला. मला इतकं हसू आलं की पुन्हा म्हटली, आणखी वरच्या पट्टीत.

तेवढ्यात खालून आवाज आला, "हूऽऽऽ!"

मी मटकन खाली बसले. कान तापले. कुणीतरी ऐकलं होतं! मग डबा खाल्ला आणि मुकाट्याने उतरायला लागले.

त्या गडबडीत वाट चुकले. कमरेएवढ्या वाळक्या गवतात पाय घसरत होते, एकदा तर सरळ बसूनच घसरले. शेवटी खाली धूर दिसला आणि मी धुराच्या रोखाने निघाले. बाहेर पडले ती एका वालाच्या शेतात. बांधावर एक म्हातारी बसली होती, बाजूला तिच्या दोन सुना शेंगा निवडत होत्या आणि मुलगा पेंढा पसरत होता.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वर गानी म्हनत होती ती तूच काय गो?"

नाही म्हणायची सोय नव्हती. सुना तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. "आमीच वरडलो तवा," धाकटी म्हणाली.

"बस," म्हातारी म्हणाली. "पोपटी लावतोय. खाल्ल्याबिगर जायचं नाय."

सुनांनी मडक्यात भांबुर्ड्याच्या रानझुडपाचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, आणि तोंडाशी परत पाला दाबून बसवला. मुलाने मडकं जमिनीवर उपडं ठेवलं, भोवती पेंढा रचून पेटवला. जाळ भडकला तशी म्हातारी म्हणाली, "आता परत म्हन."

"माझा आवाज चांगला नाही हो, आजी."

"चांगला हाय असं कोन बोललं? मोठा हाय."

यावर मीच सगळ्यांत जास्त हसले. आणि ओवी म्हटली. म्हातारी डोळे मिटून मान हलवत राहिली. पूर्वी ती लग्नांत रात्र रात्र गायची, थोरली सून सांगत होती. आता तिचा गळा गेलाय. ओवी संपली तशी म्हातारीने थोरलीच्या कानाशी एक ओळ पुटपुटली. थोरलीने ती उचलली, धाकटीने पुढे नेली. हळदीचं गाणं होतं. तिसऱ्या ओळीला म्हातारीने मला कोपराने ढोसलं आणि मीही घुसले. मुलगा काठीने जाळ सारखा करत हसत होता. कुणीही मला हळू म्हण म्हटलं नाही.

जाळ विझल्यावर, मडकं फोडावं तशा घाईने आम्ही ते सुलटं करून रिकामं केलं. वाफ, ओवा आणि त्या पाल्याचा वास. बोटं भाजत होती तरी थांबवेना. शेंगा दातांनी सोलायच्या, टरफलं बांधावर टाकायची. अर्ध्या शेंगा तर म्हातारीने माझ्याच पुढ्यात सरकवल्या.

निघताना धाकटीने उरलेल्या शेंगा केळीच्या पानात बांधून दिल्या. मुलाने मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलं. पनवेलची बस आली, मी चढले, तिकीट घेतलं. कंडक्टर पुढे गेला आणि दोन पावलांवर थबकून मागे वळला. नाक वर करून म्हणाला, "मॅडम, पोपटी?"

मी पान उघडून त्याच्यापुढे धरलं. मागच्या सीटवरूनही एक हात आला. पनवेल येईपर्यंत पान रिकामं झालं होतं.