वाट न सापडलेली फौज

युद्धाचे खेळ बनवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीत ताई नाकावर माशी बसू देत नसत. खेळ बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम. चूक सापडली की करणाऱ्याची अशी काही हजेरी घेत, की तो बिचारा दोन दिवस त्यांच्या टेबलाकडे फिरकत नसे.

नवा खेळ बाजारात गेला आणि तक्रारींचा पाऊस पडला. किल्ल्याला वेढा पडतो, दाणागोटा संपतो, सुखरूप जाऊ द्याल या अटीवर आतले शरण येतात. दरवाजा उघडतो आणि बाहेर पडलेली दोन हजारांची फौज जागच्या जागी नाहीशी होते. मग शरण यायचं तरी कशाला, असं लोक विचारत होते. शरण आलेल्यांचं काय चुकलं?

ताईंनी कारण शोधून काढलं. माघारी निघालेली फौज आपल्या बाजूच्या सगळ्यात जवळच्या किल्ल्याची वाट शोधते. वेढ्यात चहूकडे शत्रूच, त्यामुळे वाट सापडेना आणि खेळ अडकून बसे. खेळ द्यायच्या आदल्या दिवशी ताईंनीच खेळाच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घुसडली होती: वाट नसेल तर फौज पुसून टाका. उद्या नीट करू म्हणून वेळ मारून नेली, आणि तो उद्या काही आला नाही. त्या दिवशी त्यांचं मशीन बंद होतं. ओळ लिहिली शेजारच्या चष्मेवाल्याच्या मशीनवरून, त्यामुळे कोणी काय बदललं त्या नोंदीत नाव त्याचं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "ज्याने केलंय त्याने सांगून टाका. मी काही करणार नाही."

मागच्या वर्षी असंच सांगून टाकणारा चित्रकार महिनाभरात घरी बसला होता. ताई त्याच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिल्या.

"नाव माझं दिसतंय, म्हणजे मीच केलं असणार," चष्मेवाला म्हणाला. "आठवत मात्र नाही."

आठवड्याभरात त्याला नारळ मिळाला. तो खोक्यात सामान भरत होता, तेव्हा ताईंना स्वतःची किळस येत होती.

"ताई, तुम्ही सगळ्यांचा हात ओळखता," तो म्हणाला. "खरं सांगा, ही चूक माझी वाटते?"

"नाही."

ताईंनी त्याच्या खोक्याचं झाकण लावून दिलं.

"मग झालं," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात, एवढं घरी सांगता येईल."