पांढरी सोडून काळीत

डोणगावच्या बाजारापासून बैलगाडीने गेलं तर सकाळभराच्या वाटेवर माझं सासरचं गाव. गावाच्या मधून नाला वाहतो. नाल्याच्या वर पाटलांची गढी, मारुतीचं देऊळ आणि आम्हा शेतकऱ्यांची घरं, ती वरची आळी. खाली तेली, कोष्टी, सुतार. लग्नाला वर्ष उलटलं तरी मी नाला ओलांडला नव्हता. कोणी मनाई केली नव्हती, पण वरच्या बायांचं तिकडे काही कामच पडत नसे.

मला दिवस गेले होते त्या हिवाळ्यात प्लेग आला. एका सकाळी आढ्यावरून मेलेला उंदीर सासूबाईंच्या पुढ्यात पडला. मग शेजारच्या घरांतही उंदीर पडले. पाटलांच्या सांगण्यावरून कोतवालाने दवंडी दिली, गाव खाली करा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, सरकारी हुकूम नागपूरहून मेहकरला आणि मेहकरहून आमच्याकडे येई. पण हुकमाची वाट कोणी पाहिली नाही.

गाव वसतं त्या जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. चार दिसांत पांढरी ओस पडली. आमच्या वावरातल्या विहिरीला बारमाही पाणी होतं. सासरे म्हणाले, "ज्याले यायचं त्यानं या. पाणी काय माह्या घरचं हाय?" ज्वारी निघालेल्या वावरात कडब्याच्या नि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्याची गाडी जिथे थांबली तिथे त्याचं घर. आमच्या शेजारी खालच्या आळीतली तेलीण आली.

माझं माहेर खामगावकडे. पहिलं बाळंतपण तिथे व्हायचं होतं, पण प्लेगाच्या गावचं माणूस कोणी शिवेत घेईना. गावची सुईण दिवाळीपासून लेकीकडे गेलेली, तिलाही परतता येत नव्हतं. मी कडब्याकडे तोंड करून रडायची.

एका दुपारी खळ्यावर मळणी चालू होती आणि माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सासूबाईंना एकच मूल झालेलं, तेही जीवावर बेतून. त्या नुसत्याच आत-बाहेर करू लागल्या. तेवढ्यात तेलीण कडब्याची ताटी सारून आत आली.

"मले हाक माराले लाजल्या काऊन, बाई?" ती सासूबाईंना म्हणाली. "पाणी ठेवा चुलीवर. आन् तू वं पोरी, माह्या खांद्याले धर. जोरात धर, मी काही मोडत नाही."

मी धरलं. खळ्यावरच्या माणसांनी बैल थांबवले. वावरात एवढी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. ऊन उतरायच्या आत बाळ रडलं.

"काय झालं वं?" बाहेरून सासरे ओरडले.

"पोरगी हाय! आवाज पाटलासारखा!" तेलीण म्हणाली, आणि साऱ्या झोपड्या हसल्या.

तिचा घाणा गावात बंद पडलेला. गाडीत घालून आणलेलं गाडगंभर तेल तेवढं तिच्यापाशी होतं. ते तिने माझ्या लेकीच्या अंगाला लावलं. सासूबाई नको म्हणाल्या तर म्हणे, "तेल्याच्या शेजारी लेकरू कोरडं राहीन का?"

उन्हाळा तापला तसं गाव परतलं. उन्हाने रोग मरावा म्हणून घरांवरची कवेलू, म्हणजे कौलं, काढून ठेवली होती. काही दारं कायमची बंदच राहिली. तेलिणीच्या घराची भिंत खचली होती. सासऱ्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "आता जाता कशाले? घाणा इथंच मांडा." ते राहिले, आणखी दोन-तीन घरं राहिली. आमच्या वावराच्या त्या कोपऱ्याला लोक नवी आळी म्हणू लागले.

एका शुक्रवारी सासूबाईंनी खण-नारळ घेतला, मला आणि लेकीला घेऊन तिच्या दारी गेल्या आणि तिची ओटी भरली. तेलीण पदराने डोळे पुसत म्हणाली, "बसा ना, बाई." सासूबाई बसल्या, चांगल्या दिवस कलेपर्यंत बसल्या.

पुढे प्रत्येक खेपेला आई खामगावहून न्यायला येई. मी म्हणायची, राहू दे, इथेच होऊ दे. माझी सगळी लेकरं त्या बाईच्याच हातावर आली.