प्रूफ बघितल्याशिवाय नाही

डोंबिवलीतलं घर सोडून घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्याला हो म्हटलं. दिवाण देऊन टाकला, पितळेचे डबे जावेकडे गेले. अडले ती फक्त कॉम्प्युटरपाशी. मुलाचं म्हणणं, नव्या घरात इंटिरियरवाल्याने त्याला जागाच ठेवलेली नाही, आणि त्यात असून असून काय असणार, लोकांच्या लग्नपत्रिका.

लग्नपत्रिका होत्याच. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर मी घरी टायपिंगची कामं घ्यायला लागले आणि ह्याच मशीनवर बारशापासून तेराव्यापर्यंत निम्म्या डोंबिवलीची अक्षरं जुळवली. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि हे काढा, ते घाला करायचं. मामांचं नाव काकांच्या वर का, यावरून माझ्या हॉलमध्ये ठरलेली लग्नं मोडायच्या बेतात आली आहेत. मी निमूट बदलत राहायचे. शब्द त्यांचे, बोटं माझी.

पण दोन कामांच्या मधे, कुकर होईपर्यंत, मी माझंही लिहीत गेले. एका बाईची गोष्ट होती, ती वाढत वाढत कादंबरी झाली. कधी छापून काढली नाही. कागदावर आली असती तर कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसलंच असतं. त्यामुळे ती अख्ख्या जगात कॉम्प्युटरच्या त्या एका डब्यात होती, आणि हे मला एकटीला माहीत होतं.

सामान हलवायच्या आदल्या रविवारी मुलगा पाकिटाएवढी हार्ड डिस्क घेऊन आला. तासाभराने म्हणाला, सगळ्या फायली कॉपी झाल्या, बॅकअप झाला, संध्याकाळी भंगारवाला येतोय.

मी म्हटलं, उघडून दाखव.

तो हसला. कॉपी झाली म्हणजे झाली. सूनबाईंनीही समजुतीच्या सुरात सांगितलं की ऑफिसात त्या रोज हेच करतात, काही होत नाही. त्यांच्याकडे होत नसेल. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाने प्रूफ बघून सही केल्याशिवाय काही छापायला जात नाही. मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि सांगितलं, न्यायचाच असेल तर खुर्चीसकट मलाही भंगारात घाला.

कपाळाला आठ्या घालून त्याने लॅपटॉपवर एक फाइल उघडली. पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि उलटी प्रश्नचिन्हं, मराठीचं नावही नाही. दुसरी फाइल उघडली, तीच गत. त्याचा चेहरा पडला.

"करप्ट झाल्यात वाटतं," तो म्हणाला. "सॉरी आई."

खोटं कशाला सांगू, घाबरले. पण त्याहून मोठा राग आला. ह्याच फायली माझ्या मशीनवर सकाळी धडधाकट होत्या. आमच्या वेळी फाइलमध्ये नुसत्या खुणा असायच्या, त्यांचं मराठी करून दाखवायचं काम फॉन्टचं. मुलाने माझे सगळे फोल्डर उचलले, फॉन्ट मात्र मशीनच्या पोटात राहिला. तो बनवणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं आहे. संध्याकाळी मशीन गेलं असतं तर त्याच्याबरोबर माझी बाईही गेली असती.

मी फॉन्ट शोधून पेन ड्राइव्हवर घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो लॅपटॉपवर टाकला, फाइल पुन्हा उघडली. टोप्या गेल्या, काना-मात्रा जागेवर आल्या. समोर लग्नपत्रिका नव्हती.

तो वाचायला लागला. एक पान संपलं, तो खाली गेला. सूनबाई त्याच्या खांद्यावरून वाकल्या.

"आई, हे कुणाचं टाइप केलंयस?"

"माझं."

त्याने आणखी एक पान वाचलं. मग त्याने फोन काढून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं, लॅपटॉप उचलला, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"मस्त लिहिलंयस गं," तो म्हणाला. "फक्त इथे ती नवऱ्याला असं बोलते ना, ते जरा..."

"टायपिंगच्या चुका दिसल्या तर सांग," मी म्हटलं. "शब्द एकही बदलायचा नाही."